लंगडा ठेका

समुद्राच्या तळाशी ढोलकी वाजत नाही, हे कळायला काही शिकावं लागत नाही. विदुला भिवाजी तर समुद्राचे आवाज ऐकण्याचंच शिक्षण घेतलेली बाई. तरी त्या दिवशी मॉरिशसच्या मधल्या पठारावर, किनारा मंडळाच्या ऐकणी विभागात, कानाला हेडफोन लावून बसलेली असताना तिला ढोलकी ऐकू आली. लांबची, दबलेली, कोणी उशीखाली वाजवावी तशी, पण ढोलकीच.

तिनं ध्वनिमुद्रण मागे घेऊन पुन्हा ऐकलं. आवाज आन्स-फिलाओच्या प्रवाळभिंतीवरचा होता, आणि त्याच पहाटेचा. आन्स-फिलाओ म्हणजे तिचंच गाव. किनाऱ्यावर सुरूच्या झाडांची रांग, मागे गणपतीचं देऊळ, आणि देवळाभोवती एके काळी ऊस तोडायला रत्नागिरीकडून जहाजानं आणलेल्या माणसांच्या वंशजांची घरं. घरात क्रेऑल, म्हणजे तिथली फ्रेंच वळणाची बोली, मिसळलेली मराठी; बाहेर मराठी मिसळलेली क्रेऑल. गणपतीत तिथे फेर धरून झाकरी नाचतात आणि ढोलकी घुमते. पण गणपतीला अजून अर्धं वर्ष होतं. हे दिवस वादळांचे होते, आणि एक वादळ वाटेवरच होतं.

कोणी सराव करत असेल, असं ती स्वतःला सांगणार तेवढ्यात ठेका लंगडला.

विदुलानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तो लंगडा ठेका तिच्या बाबांचा होता. दत्ताराम भिवाजींची उजव्या हाताची शेवटची दोन बोटं साखर कारखान्यात गेली, तरी त्यांनी ढोलकी सोडली नाही. त्या बोटांची टिचकी जिथे पडायची तिथे त्यांच्या ठेक्यात जागा रिकामी राहायची, आणि गावातली पोरं त्या रिकाम्या जागेवर पाय आपटून ती भरून काढायला शिकली. परगावचे नाचणारे आले की तिथेच धडपडायचे आणि गाव खदखदून हसायचं. असा ठेका जगात एकच होता, आणि तो धरणारा माणूस जाऊन आता वर्ष उलटून गेलं होतं.

मेलेला माणूस आज पहाटे समुद्राखाली ढोलकी वाजवून गेला होता. भुताखेतांवर विदुलाचा विश्वास नव्हता. माणसांवर त्याहून कमी होता.

तिला काय खटकलं ते कळायला मंडळाचं काम थोडं समजून घ्यायला हवं. जिवंत प्रवाळभिंत कधी गप्प नसते. तेलात मोहरी तडतडावी तसा तिथे अखंड आवाज चालतो. तो करंगळीएवढ्या झिंग्यांच्या नांग्यांचा. वर मासे घुरघुरतात, कुरतडतात, भांडतात. प्रवाळाची पिल्लं डोळ्यांना दिसणारही नाहीत इतकी बारीक असतात, पाण्याबरोबर वाहत असतात, आणि बिऱ्हाड कुठे करायचं हे आवाजावरून ठरवतात. गजबज असेल तिथे उतरतात, शांतता असेल तिथून पुढे निघून जातात. समुद्र तापत गेला तसे प्रवाळ पांढरे पडून मेले, भिंती मुक्या झाल्या, आणि मुक्या भिंतीकडे नवं कोणी फिरकेना. तेव्हा शास्त्रज्ञांनी पाण्याखाली भोंगे बसवले आणि जुन्या चांगल्या दिवसांचं मुद्रण त्यांवरून वाजवायला सुरुवात केली. वस्ती गजबजलेली आहे असं समजून पिल्लं उतरायची. फसवणूकच ती, पण भल्यासाठी केलेली, आणि काही ठिकाणी ती खरोखर लागू पडली.

मग मंडळाला पुढची अक्कल सुचली. भिंतीची तब्येत आवाजावरून कळत असेल तर पाणबुडे कशाला पोसायचे? पाणबुडे गेले, मायक्रोफोन आले. रोज पहाटे एक तास सगळे भोंगे बंद ठेवायचे. तो मौनाचा तास. त्या तासात मायक्रोफोन ऐकणार आणि यंत्र एक आकडा काढणार, त्याला नाव दिलं नादांक. नादांक चांगला तर गाव नकाशावर हिरवं: भिंत जिवंत आहे, वादळाची लाट बाहेरच फुटेल, लोकांनी दारं लावून घरात बसावं. नादांक पडला तर गाव लाल: भिंत मेली, ठिसूळ होऊन झिजली, आता लाट थेट उंबऱ्यापर्यंत येईल. लाल गावाला वादळाचा इशारा लागला की यंत्र आपणहून बसगाड्या पाठवायचं आणि पठारावरच्या शाळा उघडायला लावायचं. मधे कोणाची सही नाही, कोणाची मर्जी नाही. माणसाची लुडबुड नको म्हणून तर हा सगळा खटाटोप केला होता.

आन्स-फिलाओ मागच्या वर्षापर्यंत लाल होतं. गाव उठवून पठारावर न्यायचं ठरत आलं होतं. आणि अचानक नादांक चढला, गाव हिरवं झालं. आकडा तपासून खरा आहे असं कळवणारी विदुलाच होती; तेव्हा तिनं नुसते आलेख पाहिले होते, मुद्रण कान देऊन ऐकलं नव्हतं. गावात लाडू वाटले गेले. आईनं फोनवर सांगितलं, "बघ गो, समुद्रानं माझं ऐकलं." त्या वेळी विदुलाला आनंद झाला होता. आता तो आनंद आठवून तिला घाम फुटला. मौनाच्या तासात भोंगा वाजत असेल तर मंडळ भिंतीचा आवाज मोजत नव्हतं. स्वतःचाच आवाज मोजत होतं, आणि स्वतःलाच शाबासकी देत होतं.

ती तडक संचालकांच्या खोलीत गेली. लारोजसाहेब नेहमीसारखे नीटनेटके, खिडकीशी उभे होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, आणि त्यांना नवल वाटलं नाही हीच गोष्ट तिला पहिल्यांदा टोचली.

"वादळ दारात आहे आणि तू ढोलकी ऐकतेस?" ते म्हणाले.

"साहेब, मौनाच्या तासात जुनं मुद्रण वाजतंय. तो आकडा खोटा आहे. गाव हिरवं म्हणून बस येणार नाहीत."

"एखादा भोंगा बिघडला असेल. दक्षिण किनाऱ्याचे भोंगे तुझ्या भावाकडे आहेत ना? त्यालाच विचार." मग किंचित हसून ते म्हणाले, "की तुम्ही अजून बोलत नाही?"

हे ह्यांना कसं माहीत, असा प्रश्न विदुलाला पडला. कारण ते खरं होतं. कविराज तिचा थोरला भाऊ. एकाच मंडळात बहीण ऐकायच्या विभागात होती आणि भाऊ वाजवायच्या, आणि दोघांत बोलणं नव्हतं. भांडण आईवरून झालं होतं. आईला वर पठारावर आणावं असं विदुलाचं म्हणणं. आईला गाव सोडायचं नव्हतं, आणि कविराज तिच्याजवळ राहत असल्यानं त्यानं आईची बाजू घेतली. "तू आकड्यांवर जगतेस, आम्ही जमिनीवर," असं तो म्हणाला होता. त्यावर ती जे बोलली ते इथे न लिहिलेलंच बरं.

"वादळ जाऊ दे, मग निवांत बघू," लारोजसाहेबांनी विषय मिटवला.

संशयाला ओसरी दिली की तो हातपाय पसरतो. दक्षिणेकडे गाडी हाकताना विदुलाला एकेक गोष्ट आठवू लागली. गाव उठलं असतं तर शेजारचं मोठं हॉटेलही उठलं असतं. गाव हिरवं झाल्यावर त्या हॉटेलला नवा मजला चढला. मावसबहिणीनं मागे फोनवर सहज सांगितलं होतं, की हॉटेलच्या मॅनेजरची गाडी कविराजच्या फाटकाशी दोनदा उभी होती. आणि कविराजनं घरावर नवं पत्र्याचं छप्पर घातलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, घालू दे. आता तिला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

उसाची शेतं संपली तसा समुद्र दिसला. आभाळ अजून निळं होतं, पण लाटांमध्ये एक जड, सावकाश उसळी आली होती. वादळ पोचायच्या आधी त्याच्या लाटा पोचतात. रेडिओवर इशारा एका वर्गानं वाढल्याचं सांगत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वादळ किनाऱ्याला घासून जाणार होतं.

कविराज अंगणात खिडक्यांना फळ्या ठोकत होता. तिला पाहून त्यानं तोंडातले खिळे काढले.

"वाट चुकलीस?"

"आईला न्यायला आले."

"गाव हिरवं आहे. तूच केलंस ना?"

"मीच केलं," ती म्हणाली. "म्हणून तर आले. दादा, भोंगे नीट चालतायत ना तुझे?"

त्यानं एक खिळा फळीवर धरला आणि ठोकायला घेतला. खिळा वाकडा गेला. "चालतायत की. का?"

"पहाटे बंद असतात ना?"

"असतात म्हणजे?" तो म्हणाला. "चहा घेणार का?"

खाई त्याला खवखवे, असं विदुला मनात म्हणाली. भाऊ खोटं बोलताना चहा विचारतो हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिनं चहा घेतला. चहा घेता घेता वर पाहिलं. नवं छप्पर चांगलं जाड होतं.

"हॉटेलवाला येतो म्हणे तुझ्याकडे," ती म्हणाली.

कविराजनं कप खाली ठेवला. "कोण सांगतं तुला?"

"येतो की नाही?"

"येतो. मग?" त्याचा चेहरा लाल झाला, आणि तो उठून पुन्हा फळ्यांकडे गेला. आई देवळातून आली, लेकीला पाहून हरखली, आणि दोघांची तोंडं पाहून सरळ स्वयंपाकाला लागली. जेवताना तिनं विदुलाला फक्त एवढंच सांगितलं, "मी येणार नाही वर. इथे माझं काम असतं." काम काय ते तिनं सांगितलं नाही. कविराज ताटाकडे बघत राहिला. दोघं मिळून काहीतरी लपवतायत, अशी विदुलाची आता खात्रीच पटली, आणि आपल्याच घरात आपण परक्यासारख्या बसलोय याचं तिला फार वाईट वाटलं.

पहाटे ती उठली ती भोंग्याची पेटी उघडून बघायच्या इराद्यानं. पेटी किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांखाली होती. पाहते तर आईचं अंथरूण रिकामं आणि मागचं दार उघडं.

उजाडत होतं. लगूनचं, म्हणजे किनारा आणि भिंत यांमधलं उथळ पाणी अजून शांत होतं, पण पलीकडे, जिथे लाटा फुटतात तिथला पांढरा पट्टा तुटक दिसत होता. मधे मधे लाट फुटतच नव्हती, सरळ आत शिरत होती. गुडघाभर पाण्यात बाबांची जुनी लाकडी होडी नांगरलेली होती, आणि तिच्यात आई एका कुशीवर, कान तळफळीला लावून आडवी पडली होती.

विदुला पाण्यातून धावत गेली. "आई!"

आईनं डोळे उघडले. "हळू चढ गो. होडी हलते. ये, ऐक. बाबा वाजवतायत."

विदुला तिच्याजवळ आडवी झाली आणि ओल्या फळीला कान लावला. पाण्यातला आवाज लाकडातून कसा येतो हे तिनं परीक्षेत लिहिलं होतं, पण असं कधी ऐकलं नव्हतं. मोहरी तडतडत होती, मासे घुरघुरत होते, आणि त्यामागे बाबांची ढोलकी होती. ठेका आला, लंगडला, पुन्हा सावरला. आईनं त्या रिकाम्या जागेवर पायाचा अंगठा फळीवर टेकवला. ती रोज टेकवत असणार.

"आई, हे बाबा नाहीत. हे..."

"मला खुळी समजलीस? फीत आहे ती. कवीनं लावून दिलीय. फीत असली म्हणून काय झालं, हात त्यांचाच ना?"

कविराज किनाऱ्यावर येऊन उभा होता. विदुला होडीतून उतरली आणि त्याच्याकडे चालत गेली.

"सांग," ती म्हणाली.

त्यानं सांगितलं. आन्स-फिलाओत विसर्जनाला मूर्ती होडीतून भिंतीपर्यंत नेतात, आणि ढोलकीवाला होडीच्या तळफळीवर ढोलकी टेकवून वाजवतो. ढोलकी अशी टेकवली की तिचा घुमारा लाकडातून थेट पाण्यात उतरतो. भिंत जिवंत होती त्या दिवसांत विद्यापीठाच्या कोणा पोरांनी तिचे आवाज टिपायला पाण्यात यंत्र ठेवलं होतं, आणि ते यंत्र विसर्जनालाही चालू होतं. कविराजला ते मुद्रण मंडळाच्या जुन्या साठ्यात सापडलं. बाबा गेल्यापासून आई जेवत नव्हती, बोलत नव्हती, रोज पहाटे त्या होडीत जाऊन बसत होती. आणि भोंगे नेमके पहाटे बंद असायचे.

"तो तास रिकामा होता," कविराज म्हणाला. "मला वाटलं, बॅटरी वाचवायला बंद ठेवतात. ऊन येईपर्यंत. म्हणून मी तिथे बाबांना लावलं. आई दुसऱ्या दिवसापासून जेवायला लागली."

"बॅटरी वाचवायला?" विदुला म्हणाली. "त्या तासात आम्ही ऐकत असतो, दादा. तो एकच तास."

"तुम्ही कधी ऐकता ते आम्हाला कोणी सांगितलं? तू सांगितलंस?"

एकाच ताटात जेवून मोठी झालेली दोन माणसं, एक वाजवत होतं आणि एक ऐकत होतं. साधी विचारपूस असती तर पहिल्याच आठवड्यात उलगडा झाला असता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

"आणि हॉटेलवाला?"

"त्याच्या पाहुण्यांच्या फोटोत आई येते म्हणे. म्हातारी होडीत मेल्यासारखी पडलेली असते, पाहुणे घाबरतात. होडी हलव म्हणून सांगायला आला होता. मी हाकलला. दोन्ही वेळा."

विदुलाला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. पण संशय असा एका दमात जात नाही. ती त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "गाव हिरवं झालं तेव्हा तुला काहीच वाटलं नाही?"

कविराजनं पाण्याकडे पाहिलं. "वाटलं. भिंतीपाशी मासा नाही, आणि आकडा चढतोय. वाटलं होतं. पण विचारलं नाही. विचारलं असतं तर कोणीतरी उत्तर दिलं असतं. मग आईला उठवावं लागलं असतं."

त्याची चूक केवढी आहे हे विदुलाला कळत होतं, आणि आपण त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं हेही. तिला त्याचा भयंकर राग आला आणि तितकीच मायाही आली. दोन्हींना आता वेळ नव्हता.

ऐकणी विभागाच्या माणसाला एक अधिकार असतो. आकड्याबद्दल शंका आली तर तो त्या जागेची फेरऐकणी लावू शकतो; यंत्र पुन्हा ऐकतं आणि नवा आकडा काढतं. पण त्यासाठी भोंगा बंद हवा, आणि भोंग्याची किल्ली कविराजकडे होती. ती दोघं होडीपाशी गेली. विदुलानं आईला सगळं सांगितलं, साध्या शब्दांत, काही न लपवता. आई ऐकत होती आणि तिचा अंगठा फळीवर ठेका धरत होता.

"म्हणजे ह्यांच्या ढोलकीमुळे बस येणार नाही?"

"हो."

"आणि बंद केली तर?"

"तर खाली खरं काय उरलंय ते ऐकू येईल."

आईनं कविराजकडे पाहिलं. "कर रे बंद."

त्यानं पेटी उघडली. आई आणि विदुला दोघींनी फळीला कान लावला. ढोलकी मधेच तुटली, मोहरी विझली, आणि मग काहीच नव्हतं. पाणी होडीला चाटत होतं, लांबून लाटांची घरघर येत होती. बाकी एखाद्या रिकाम्या घरात असते तशी शांतता. एकही नांगी वाजत नव्हती. विदुलानं असली भिंत यंत्रावर कितीदा ऐकली होती. पण ही तिच्या गावची होती, आणि ती मेलेली आहे हे तिला आईशेजारी आडवं पडून कळत होतं.

आई खूप वेळ ऐकत राहिली. मग उठून बसली आणि पदर नीट केला.

"तुझे बाबा गेले तेव्हा डॉक्टरनं छातीला नळी लावून असंच ऐकलं होतं," ती म्हणाली. "त्याला हेच ऐकू आलं असेल." आणि मग, "चल. कपडे बांधायचेत. शेजारच्यांना मी सांगते, तुमचं कोणी ऐकणार नाही."

विदुलानं फोनवरून फेरऐकणी लावली. नकाशावरचा आन्स-फिलाओचा ठिपका हिरव्याचा लाल झाला आणि पठाराकडून बसगाड्या निघाल्याचा संदेश आला. पाठोपाठ लारोजसाहेबांचा फोन आला. आवाज गोड होता.

"मादमोझेल विदुला, एक गाव लाल झालं, ठीक आहे. भोंगा बिघडला होता असं लिहू. पण बाकीच्या गावांची फेरऐकणी लावू नकोस."

"बाकीच्यांचं मी काही बोललेच नव्हते, साहेब," विदुला म्हणाली.

पलीकडून फोन बंद झाला.

विदुलानं कविराजकडे पाहिलं आणि तो संशय पुन्हा तिच्या डोळ्यांत आलेला त्याला दिसला. "आईशपथ नाही," तो म्हणाला. "बाबा एकाच गावात वाजवायचे. बाकीच्या ठिकाणी मी कधी काही लावलं नाही. तिथला पहाटेचा तास वरून कुलूपबंद आहे, मला उघडतासुद्धा येत नाही."

"वरून म्हणजे कोणाकडून?"

त्यानं मान पठाराकडे वळवली, मंडळाच्या कचेरीकडे. तिला अलीकडच्या पहाटेच्या ध्वनिफिती आठवत होत्या. पलीकडच्या एका गावातला तो मासा, एकाच सुरात तीनदा घुरघुरून थांबणारा. आज घुरघुरायचा, उद्या घुरघुरायचा, अगदी तसाच. किती नियमित मासा आहे, असं ती कौतुकानं म्हणाली होती. त्या गावांच्या मुद्रणात कोणाचा बाप ढोलकी वाजवत नव्हता, म्हणून ती कधी दचकली नव्हती.

"दादा, सगळ्या दक्षिण किनाऱ्याच्या भोंग्यांची वीज तुझ्याकडे आहे ना?"

"आहे." त्यानं ओठ चाटले. "विदू, हे केलं तर मी उद्या नोकरीत नसेन. तूही नसशील. आणि आपल्या घरचं आधी बाहेर काढतील. भावानं फीत लावली, बहिणीनं खरी ठरवली. ते लोक सुटतील, आपण अडकू."

"अडकू," विदुला म्हणाली. ते खरं होतं आणि तिला भीती वाटत होती.

आई गाठोडं घेऊन ओसरीवर आली होती. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे. "तिथेपण माणसं राहतात ना?" तिनं विचारलं. "मग तोड रे वीज."

कविराजनं आपल्या फोनवरून वीज तोडली. विदुलानं एकेका गावाची फेरऐकणी लावली आणि दोघं छोट्या पडद्यावर डोकं जोडून बघत बसली, लहानपणी एकच गोष्टीचं पुस्तक बघायची तशी. सगळी गावं लाल झाली नाहीत. काही हिरवीच राहिली. तिथली भिंत भोंग्याशिवाय, कोणाच्या लबाडीशिवाय, खरोखर बोलत होती, आणि ते बघून विदुलाला भरून आलं. पण बाकीचे ठिपके एकामागून एक लाल होत गेले. प्रत्येक ठिपक्यामागे कुठेतरी बस सुरू होत होती.

दुपारपर्यंत वारा उठला. सुरूची झाडं शिट्ट्या घालू लागली. गावकरी आधी कुरकुरले. गाव हिरवं आहे म्हणून ज्यांनी लाडू वाटले होते तेच आता भांडायला आले. पण दत्तारामची बायको, जी कोणाच्या बापाला न जुमानता गावात राहिली होती, तीच गाठोडं घेऊन रस्त्यात उभी आहे म्हटल्यावर त्यांचं तोंड बंद झालं. आईनं मूर्तीच्या पाटावरचा नारळ घेतला, बाबांची ढोलकी घेतली, आणि सगळ्यांच्या शेवटी बसमध्ये चढली.

विदुलाचा फोन वाजला. कविराजचाही वाजला. दोघांनी एकमेकांना पडदे दाखवले. नाव एकच होतं.

"काय सांगायचं?" कविराजनं विचारलं.

"खरं ते सांगायचं. दोघांची नावं घालून."

"ते नंतर सांगा," आई पुढच्या बाकावरून म्हणाली. "आधी घरं बघून या, कोणी मागं राहिलं नाही ना."

दोघं वाऱ्यात उतरली आणि एकानं डावीकडची, एकानं उजवीकडची दारं वाजवली. कोणी उरलं नव्हतं. ती परत चढली तेव्हा समुद्राचं पाणी होडीपर्यंत वर आलं होतं, आणि होडी दोर ताणून डोलत होती. कविराज होडीकडे बघत राहिला, पण उतरला नाही.

बस सुटली. उसाच्या शेतांतून वर चढू लागली. मग आईनं मांडीवरच्या ढोलकीवर बोटं ठेवली. तिला काही वाजवता येत नव्हतं, पण ठेका तिला पाठ होता. तिनं तो सावकाश धरला, रिकाम्या जागेशी आली आणि हात उचलून थांबली. मागच्या सगळ्या बाकांवरून पाय आपटल्याचा आवाज आला.